पडत्या काळातील दान आणि आयकराची सवलत

देणगी कक्षात पावती फाडताना भाविक हमखास एक प्रश्न विचारतात : “या पावतीवर ऐंशी जी मिळेल ना?” सुगीच्या वर्षी हा प्रश्न सहज विचारला जातो. पावसाने दगा दिला, कारखान्याची पाळी बंद पडली, पगार अडकला, की त्याच प्रश्नामागे काळजी उभी असते. दानाची इच्छा तर आहे, पण हात आखडलेला आहे. करात काही सुटले तर दोन पैसे अधिक देता येतील, असा तो हिशेब असतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र ही सवलत नेमकी कशी चालते, याविषयी भाविकांत आणि कधी कधी देणगी स्वीकारणाऱ्यांतही बरेच गैरसमज आढळतात. आर्थिक अडचणीच्या काळात ही सवलत वाढत नाही, उलट आटते, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे केली आहे.

सवलत म्हणजे नेमके काय

आयकर अधिनियम, १९६१ यातील कलम ८० जी अन्वये मान्यताप्राप्त संस्थेस दिलेल्या देणगीचा ठरावीक भाग दात्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ घेतो आणि त्यात देणगीची ही तरतूद कलम १३३ मध्ये आहे. तथापि लोकांच्या तोंडी ‘ऐंशी जी’ हेच नाव रुळलेले असल्याने येथेही तेच वापरले आहे.

वजावट होते ती उत्पन्नातून, करातून नव्हे. सर्व गैरसमजांचे मूळ येथेच आहे. वीस हजार रुपये दिले म्हणजे वीस हजारांचा कर वाचला, असे होत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी किंवा मुख्यमंत्री सहाय्यता निधी यांसारख्या काही निधींना दिलेली संपूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा करता येते. धर्मादाय न्यासांच्या बाबतीत मात्र सर्वसाधारणपणे देणगीच्या निम्मीच रक्कम वजा होते. तीही देणगी दात्याच्या उत्पन्नाच्या, अन्य वजावटी काढून उरणाऱ्या आकड्याच्या, १० टक्के मर्यादेत बसत असेल तरच.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरणाऱ्या एका गृहस्थांचे वार्षिक उत्पन्न १०,००,००० रुपये आहे, असे समजू. भविष्य निर्वाह निधी, आयुर्विमा, आरोग्य विमा इत्यादींच्या १,७५,००० रुपयांच्या वजावटी काढल्यावर ८,२५,००० रुपये उरतात. त्याच्या १० टक्के म्हणजे ८२,५०० रुपये ही त्यांची मर्यादा झाली. त्यांनी धर्मादाय रुग्णालयास २०,००० रुपये दिले. मर्यादेत बसत असल्याने त्याच्या निम्मे, म्हणजे १०,००० रुपये उत्पन्नातून वजा झाले. त्यांच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर कराचा दर २० टक्के आहे. म्हणून २,००० रुपये कर आणि त्यावरील ४ टक्के उपकराचे ८० रुपये, असे एकूण २,०८० रुपये वाचले. उरलेले १७,९२० रुपये त्यांच्या स्वतःच्या खिशातून गेले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे, तर वीस हजारांच्या त्या दानात सुमारे दोन हजारांचा वाटा शासनाने उचलला आणि बाकीचे दान त्यांचे स्वतःचे होते. हे प्रमाण ध्यानात असले म्हणजे सवलतीकडून अवाजवी अपेक्षा राहत नाही.

वाईट वर्षाचा हिशेब

आता हेच गृहस्थ पुढील वर्षी संकटात सापडले, असे धरू. नोकरी काही महिने सुटली आणि सर्व वजावटींनंतर त्यांचे उत्पन्न ४,८०,००० रुपयांवर आले. जुन्या प्रणालीत पाच लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. जेथे करच नाही, तेथे वाचणार काय? त्या वर्षीही त्यांनी नेमाने २०,००० रुपये दिले, तर सगळेच्या सगळे त्यांच्या खिशातून जातात. चांगल्या वर्षी जे दान १७,९२० रुपयांना पडले होते, तेच वाईट वर्षी, जेव्हा एकेक रुपया मोलाचा असतो, पूर्ण २०,००० रुपयांना पडते. देणगीची मर्यादाही ८२,५०० वरून ४८,००० रुपयांवर उतरते. शिवाय या वर्षी न वापरलेली वजावट पुढच्या वर्षी नेण्याची मुभा या कलमात नाही. व्यापारातील तोटा पुढे ओढता येतो; दानाची वजावट ओढता येत नाही.

याच्या जोडीला नवी करप्रणाली आहे. आर्थिक वर्ष २०२३–२४ पासून व्यक्तींसाठी हीच मूळ प्रणाली ठरली असून, दात्याने जुनी प्रणाली स्वतःहून निवडली नाही तर त्याचे विवरणपत्र नव्या प्रणालीनुसारच धरले जाते. या प्रणालीत व्यक्तीला ८० जी ची वजावट मिळत नाही. करही कमी आहे : आर्थिक वर्ष २०२५–२६ मध्ये १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करसवलतीमुळे कर द्यावाच लागला नाही. तेव्हा मध्यम उत्पन्नाच्या अनेक दात्यांना देणगीच्या पावतीवर आता एक पैसाही सुटत नाही. हे त्यांचे नुकसान म्हणता येणार नाही, कारण कर मुळातच नाहीसा झाला आहे. परंतु पावतीवरील ‘८० जी’ ही अक्षरे पाहून कोणी आपल्या ऐपतीपेक्षा अधिक रक्कम लिहीत असेल, तर त्याने आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत, हे आपल्या करसल्लागारास विचारून घ्यावे. केवळ देणगीसाठी जुनी प्रणाली निवडणे क्वचितच किफायतशीर ठरते. घरकर्जाचे व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी या सर्वांचा एकत्रित हिशेब मांडूनच तो निर्णय घ्यावा.

भागीदारी पेढ्यांची गोष्ट वेगळी आहे. व्यक्तींसाठीची नवी प्रणाली त्यांना लागू नाही, त्यांना ३० टक्के दराने कर पडतो आणि देणगीची वजावटही मिळते. मात्र त्यासाठी देणगी पेढीच्या खात्यातून, पेढीच्या नावे आणि पेढीच्या पॅन क्रमांकावर दिलेली असावी. एका भागीदाराच्या मनात आले आणि त्याने गल्ल्यातून उचलून दिले, असे चालत नाही. कायद्यालाही नाही आणि इतर भागीदारांनाही नाही.

काळ कठीण असतो तेव्हा

मार्च २०२० चे दिवस भाविकांच्या स्मरणात असतील. महाराष्ट्रातील मंदिरे बंद झाली, ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलपे लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, दारे परत उघडली. दर्शन नाही म्हणून दानपेटीत काही नाही, आणि बाहेर तर हाताला काम नसलेल्यांच्या रांगा. ज्या संस्थांनी चांगल्या वर्षांत गंगाजळी राखली होती, त्यांना त्या वेळी काही करता आले. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानाने मार्च २०२० मध्ये मुख्यमंत्री सहाय्यता निधीस ५१ कोटी रुपये दिल्याचे सर्वांना ज्ञात आहे. ते पैसे शेवटी भाविकांनीच पूर्वी दहा-दहा, शंभर-शंभर करून दिलेले होते.

शासनानेही त्या वेळी एक लहानशी परंतु अर्थपूर्ण सोय केली. आर्थिक वर्ष २०१९–२० ची वजावट मिळवण्यासाठी देणगी ३१ मार्च २०२० पूर्वी देणे आवश्यक होते. ती मुदत आधी ३० जून आणि नंतर ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे टाळेबंदीत दिलेले दान आदल्या, तुलनेने चांगल्या, वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता आले. आमच्या मते सवलतीचे खरे औचित्य अशा ठिकाणी दिसते. एरवी गरज सर्वाधिक असते त्याच वर्षी ती दुबळी होते. ती मुदतवाढ मात्र त्या वर्षापुरतीच होती. पुढे कायम राहिली नाही.

काही भाविक आणखी एक शंका विचारतात आणि ती विचारणे योग्यच आहे : कर वाचवून केलेले दान हे दान राहते का? भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा ठेवून किंवा मनाला क्लेश देत केलेले दान तेथे राजस ठरवले आहे. योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून केलेले दान सात्त्विक. करसवलत ही घेणाऱ्याने केलेली परतफेड नव्हे, ती शासन देते. म्हणून ती घेतल्याने दानाला उणेपणा येतो, असे आम्हांस वाटत नाही. पण दुसरा शब्द, ‘मनाला क्लेश देत’, हा पडत्या काळात अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. व्याजाने पैसे काढून नवस फेडणारे भाविक येथे येतात. मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवून नवसाचे फेडले, असे सांगणारेही येतात. त्यांना आमचे सविनय सांगणे असते, की नवसाला मुदत नाही. कर्ज काढून दिलेल्या दानाचे व्याज देवाला नव्हे, घरच्यांना भरावे लागते.

संतचरित्रांतही हा विवेक आहे. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर तुकाराम महाराजांनी सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंपरेने जपलेला तिचा एक तपशील मात्र सांगताना बहुधा गळतो : महाराजांनी आधी कागदांची वाटणी केली, धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे कागद त्यांच्या स्वाधीन केले आणि बुडवले ते केवळ आपल्या वाट्याचे. जे आपले नाही, त्याचे दान करण्याचा अधिकार आपल्याला नाही. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा खर्च दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, तर ‘खासगी’तून केला, यातही तीच काटेकोर दृष्टी आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी मात्र दुष्काळात बादशाही कोठारातील, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, धान्य वाटले; म्हणून त्या कथेत विठ्ठलाला विठू महाराच्या रूपाने बिदरला जाऊन त्याची पूर्ण किंमत चुकती करावी लागली, आणि रीतसर पावतीही आणावी लागली. पावतीचे महत्त्व आपल्याकडे आयकर खात्याच्याही आधीपासून आहे!

देवस्थानाला दिलेल्या प्रत्येक रकमेवर सवलत नसते

मंदिर म्हटले की सवलत आपोआप मिळते, अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. केवळ एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या हितासाठी असलेल्या संस्थेस ८० जी ची मान्यता मिळत नाही. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेलाही धार्मिक कार्यावर वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. यामुळेच अनेक देवस्थाने रुग्णालय, शाळा वा अन्नदान यांसाठी वेगळा न्यास ठेवतात आणि त्या न्यासाची पावतीही वेगळी असते. याला एक अपवाद आहे. ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलादृष्ट्या महत्त्वाचे, अथवा राज्यभर ख्यातकीर्त असे जे मंदिर, मशीद, गुरुद्वारा किंवा चर्च केंद्र शासनाने अधिसूचित केले आहे, त्याच्या जीर्णोद्धारासाठी वा दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीस सवलत मिळते. तेव्हा एकाच आवारातील दोन खिडक्यांवर दिलेल्या दोन देणग्यांपैकी एकीला सवलत असेल आणि दुसरीला नसेल, असे घडू शकते. खिडकीवर तसे विचारावे. विचारण्यात संकोच नसावा.

अभिषेकाचे शुल्क, भक्तनिवासाचे भाडे, प्रसादाची किंमत ही देणगी नव्हे. वस्तुरूप दानासही सवलत नाही. देवीला वाहिलेली साडी, सोन्याचा दागिना, अन्नछत्रात दिलेले तांदळाचे पोते, या सर्वांचे मोल भक्तीत मोठे असले तरी कायदा फक्त पैशाच्या रूपातील देणगी मोजतो. पोत्याऐवजी तेवढ्याच रकमेचा धनादेश मान्यताप्राप्त अन्नदान न्यासास दिला, तर पोटे तितकीच भरतात आणि वजावटही मिळू शकते. रोख रक्कम २,००० रुपयांहून अधिक असेल तर सवलत मिळत नाही. ही मर्यादा आर्थिक वर्ष २०१७–१८ पासून आहे, त्यापूर्वी ती १०,००० रुपये होती. अधिक रकमेसाठी धनादेश, धनाकर्ष, कार्ड, यूपीआय किंवा बँकेतून थेट हस्तांतरण यांचा वापर करावा. दानपेटीतील गुप्तदानाला पावती नसते, अर्थात वजावटही नसते. ज्यांना गुप्तदानच करावयाचे आहे, त्यांना तिची अपेक्षाही नसते.

परदेशस्थ भाविकांसाठी एवढेच, की भारतीय पारपत्र असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र परकीय ठरते. ती केवळ परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेस आणि तिच्या त्यासाठी नेमलेल्या खात्यातच स्वीकारता येते. येथील खिडकीवर डॉलर वा पौंड देऊ नयेत.

अडचणीच्या काळात आणखी एक मोह समोर येतो, त्याबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. “पाच हजार द्या, पन्नास हजारांची पावती घ्या” किंवा “धनादेश द्या, थोडे कापून बाकी रोख परत मिळेल” असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. पगार कमी झालेला, हप्ते थकलेले. माणूस क्षणभर डळमळतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांविरुद्ध देशभर तपासणी केली. उत्पन्न जाणूनबुजून खोटे दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड आहे. म्हणजे दोन हजार वाचवायला जाऊन मूळ कर, व्याज आणि वर चार हजारांचा दंड. आणि त्या पन्नास हजारांतून एकाही भुकेल्याला घास मिळालेला नसतो, ते वेगळेच.

कशासाठी द्यावे

देणगी देताना ‘कायम निधी’ की ‘चालू खर्च’ असा पर्याय विचारला जातो. कायम निधीसाठी दिलेली रक्कम गुंतवून ठेवली जाते आणि सामान्यतः तिचे केवळ व्याज खर्ची पडते. चालू खर्चासाठी दिलेल्या रकमेतून आज औषध, आज धान्य येते. आयकराच्या सर्वसाधारण नियमानुसार संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावयाची असते आणि कायम निधीसाठी लेखी निर्देशासह दिलेली देणगी या हिशेबाबाहेर राहते. चांगल्या काळात कायम निधी वाढवावा. त्याच्याच बळावर संस्था वाईट काळ सोसते. पण दुष्काळ, पूर वा साथ चालू असताना देणाऱ्याने पावतीवर ‘अन्नदान’ किंवा ‘वैद्यकीय मदत’ असे लिहून घेणे अधिक योग्य. संगमरवरी फरशीवर नाव कोरण्याचा प्रस्ताव एखादे वर्ष थांबला, तरी चालतो. ज्यांना पैसा देणे खरोखर अशक्य आहे, त्यांनी अन्नछत्रात एक दिवस पंगत वाढावी. तिला सवलत नाही, पावतीही नाही. पण वाढपी कधीच पुरेसे नसतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. संस्थेच्या ८० जी मान्यतेला आता मुदत असते. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या, कायमस्वरूपी समजल्या जाणाऱ्या मान्यतांची नव्याने नोंदणी करावी लागली, म्हणून पावतीवरील मान्यता क्रमांक आणि मुदत पाहून घ्यावी. आर्थिक वर्ष २०२१–२२ पासून केवळ पावती पुरेशी नाही. संस्था देणगीदारांचा तपशील आयकर विभागाकडे ३१ मे पर्यंत दाखल करते आणि त्यावरून दात्याला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळते. ‘नमुना १० बीई’ या नावाने ते ओळखले जात आले आहे. त्यासाठी देणगी देतानाच आपले पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक अचूक द्यावा. पॅनमधील एक अक्षर चुकले तर प्रमाणपत्र दुसऱ्याच्या नावे जाते आणि वजावट अडते. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रमाणपत्र हाती आले नाही, तर विवरणपत्र भरण्याची वाट न पाहता पावती क्रमांकासह देणगी कक्षाशी संपर्क साधावा.